आकाराम गुळव्याची गार काहील

आकाराम माने हा माणूस जिभेने तिखट आणि हाताने गोड होता. त्याच्याशी चार वाक्यं बोलून कुणी हसत परत गेलं, असं फारसं घडलं नाही, पण त्याच्या हातच्या गुळाची ढेप सांगलीच्या पेठेत फुटली की अडते नुसता रंग बघून म्हणायचे, "मगदुमांच्या मळ्यातला माल दिसतोय. आकाराम गुळव्याचा हात आहे हा." हे कानावर आलं की तो म्हणायचा, "मग कुनाचा आसंल? तुमच्या सासऱ्याचा?" मान मिळाला की लाजायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

गाव त्याचं रहिमतपूरच्या पलीकडचं. घरी थोडी जिराईत जमीन आणि बायको शालूबाई. दिवाळी झाली की वळकटी बांधून तो सांगलीची वाट धरायचा. सांगलीपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठी, अण्णाप्पा मगदूम या जैन शेतकऱ्याचा उसाचा मळा होता आणि तिथलं गुऱ्हाळ पंचवीस वर्षं आकारामच्या हाताखाली चालत होतं. चैत्रात शेवटचं आदण, म्हणजे एका वेळी आटवायचा काहिलीभर रस, उतरलं की तो गावी परतायचा. मगदुमांच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवायची रीत. ती आकारामच्या पोटाला अशी लागली, की गावीसुद्धा दिवस कलला की तो ताट मागायचा, आणि शालूबाई म्हणायची, "जैनाच्यात ऱ्हाऊन निम्मं जैन झालासा. आता तेवढी जीभ बी शांत करून आना."

गुळव्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. उसाचा रस भल्यामोठ्या काहिलीत ओतायचा, खाली चुलवाणात जाळ घालायचा, मळी काढायची, आणि रस आटून पाक झाला की दहा गड्यांनी काहील उचलून गूळ थिजवायच्या वाफ्यात उपडी करायची. पण ती नेमकी कधी उचलायची, हे एकटा गुळव्या सांगतो. क्षणभर आधी उचलली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. त्यासाठी गुळव्या गार पाण्यात बोटं बुडवून उकळत्या पाकात घालतो, चिमूटभर पाक उचलतो आणि पाण्यात त्याची गोळी वळून बघतो. आकारामच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, आणि लग्नातल्या पाहुण्याने अंगठ्या दाखवाव्यात तसे तो ते दाखवायचा.

त्याची एक सवय मात्र सगळ्या गुऱ्हाळाच्या चेष्टेचा विषय होती. त्याच्या बाजूला पाण्याचा मोठा डेरा असायचा. आदण उतरलं की तो दोन्ही हात कोपरापर्यंत त्या डेऱ्यात घालून डोळे मिटून उभा राहायचा. जाळ घालणारे गडी म्हणायचे, "गप रं, तात्याची संध्या चाललीया." आकाराम डोळे न उघडता सांगायचा, "हसा लेकांनो. तुमी दुपारी गळपटून झाडाखाली पडतासा, आन मी दिवसाला सात आदनं काढतो, त्ये काय उगंच? हात गार झालं की रगत गार व्हतं, आन रगत गार झालं की मानूस गार व्हतो."

ही अक्कल नुसती गुऱ्हाळातली नव्हती. पहिल्या लढाईत, एकोणीस वर्षांचा असताना, तो फौजेच्या इस्पितळात पाणक्या म्हणून बसऱ्याला गेला होता. तिथल्या उन्हाने धडधाकट सोल्जर भर दुपारी बडबडत कोसळायचे. अंगाला हात लावला तर चटका बसावा. डॉक्टर त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून वारा घालायला लावायचा, आणि मेल्यात जमा झालेला माणूस घटकाभरात पाणी मागायला लागायचा. त्या चादरी भिजवून भिजवून आकारामच्या हाताची सालं गेली होती. ताप म्हणजे काय आणि तो उतरवायचा कसा, हे तो तिथे शिकला आणि कधी विसरला नाही.

आता अण्णाप्पांच्या मुलाची गोष्ट. जयपाल बावीस वर्षांचा, दुधातुपावर पोसलेला, देखणा पैलवान होता. ताकद एवढी, की रुतलेली गाडी एकटा काढायचा. तालमीत पहाटे त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. पण जत्रेतल्या कुस्त्या पहाटे होत नाहीत. त्या होतात वैशाखात, दुपार कलताना, आणि कुस्ती तेव्हा निकाली असायची: एकाची पाठ मातीला लागेपर्यंत तासभर चालो नाहीतर दोन तास. जयपाल पहिली वीस मिनिटं वाघ असायचा. अर्धा तास झाला की त्याचा चेहरा लाल व्हायचा, गुडघे सुटायचे, आणि कुणीही येऊन त्याला पाडून जायचं.

आदल्या वर्षी, म्हणजे पंचेचाळीस साली, अक्षय्य तृतीयेला, गावच्या बोलीत आकितीला, सांगलीच्या नदीकाठच्या मैदानात तेच झालं. समोर मिरजेकडचा गुंडा जाधव होता. गुंडा हुशार गडी; पहिला अर्धा तास तो डावच करत नसे. नुसता अंगाला अंग लावून, मानेवर भार टाकून उभा राहायचा आणि समोरच्याला वितळू द्यायचा. जयपाल वितळला. तो चीत झाला तेव्हा, त्या कुस्तीसाठी गावी न जाता मागे राहिलेला आकाराम धावत आत गेला. त्याने जयपालच्या मानेला हात लावला, आणि भाजल्यासारखा मागे घेतला. घामसुद्धा आटला होता.

"ह्यो हारला न्हाई," तो ओरडला. "ह्यो तापलाय!"

कोण ऐकतो? आपल्याकडे पैलवान पडला की आधी त्याचं काळीज मापतात. अंगाला हात लावून बघायचं कुणाला सुचत नाही. मैदानातून बाहेर पडायच्या आत लोकांनी जयपालचं नाव 'लोणी' ठेवलं होतं. ते वर्षभर टिकलं. विहिरीवर, पेठेत, लग्नात, कुणीतरी हळूच म्हणायचं, "लोणी आलं, सावलीत घ्या रं." जयपाल मान खाली घालून निघून जायचा.

सेहेचाळीसच्या चैत्रात गुऱ्हाळ थांबलं तेव्हा अण्णाप्पांनी सोप्यात बसून निकाल दिला. "औंदा आकितीला गुंडाबरुबर परत धरलीया. ह्या खेपंला पडला तर तालीम बंद. सांगलीत मामाची हळदीची अडत हाय, तिथं गादीवर बसायचं. लोकांनी हसावं म्हणून मी पोरगं पोसलं न्हाई."

जयपालच्या डोळ्यांत पाणी आलं. लाल मातीशिवाय त्या पोराला जगात दुसरं काही नको होतं. दारात वळकटी घेऊन निरोप घ्यायला उभ्या असलेल्या आकारामला ते बघवलं नाही.

"अण्णा, ह्याला मी पडू देत न्हाई," तो म्हणाला.

"तू गुळव्या मानूस. पैलवानकीतलं तुला काय कळतं?"

"पैलवानकीतलं न्हाई कळत. तापातलं कळतं. ह्याला गुंडा पाडत न्हाई, ऊन पाडतंय. आन ऐका, हा औंदा अर्ध्या तासाला इझला, तर मी तुमच्या काहिलीत परत हात घालनार न्हाई. दिवाळीला दुसरा गुळव्या बघा."

आकारामचा हात गेला तर मगदुमांच्या गुळाचं नाव गेलं, हे अण्णाप्पांना कळत होतं. आणि ही काहील गेली तर आकारामकडे रहिमतपूरच्या माळावर हुलग्या-मटकीशिवाय काय उरतं, हे आकारामला कळत होतं. पण शब्द गेला तो गेला. त्याने वळकटी परत आत नेऊन ठेवली.

पहिला अडथळा वस्तादांचा. लालासाहेब वस्ताद सत्तरीचे, पिळदार मिशांचे, आणि त्यांच्या तालमीत एक कायदा दगडावरच्या रेघेसारखा होता: घामाच्या अंगाला पाणी लावायचं नाही. घाम आला की माती चोळायची. पाणी घेतलं की वात धरतो. त्यांच्या वस्तादांनी त्यांना हेच सांगितलं होतं, आणि त्यांच्या वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी.

"गरम अंगावर गार पानी?" ते कडाडले. "पोराचं हातपाय आखडून मारतोस काय रं?"

"आवं वस्ताद, काहील उतू आल्यावर पानी मारून काय उपेग? उतू यायच्या आदुगरच जाळ आवरावा लागतो. मी घामावर पानी घालतच न्हाई. घाम यायच्या आदी ह्याला गार करतो. मंग तापायलाच त्याला तासभर लागंल."

वस्तादांनी मिशी ओढली. पटलं नव्हतं, पण पोरगं तसंही हरत होतं. "माझ्या डोळ्यांम्होरं करून दाव," ते शेवटी म्हणाले.

आकारामने करून दाखवलं, आणि सपशेल तोंडावर आपटला. भर दुपारी त्याने जयपालला मळ्यातल्या विहिरीच्या तळच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा केला. जितकं गार तितकं चांगलं, असा त्याचा हिशेब. तासाभराने जयपाल वर आला तो ओठ निळे, दात वाजतायत. तसाच त्याला तालमीत नेऊन धुळाशी लावला. धुळा म्हणजे तालमीतला सगळ्यांत किरकोळ गडी. जयपालची पकड बसेना, मांडी हलेना, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत धुळाने त्याला पालथा करून उताणा केला. धुळाला स्वतःलाच पटेना. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "खरंच मी पाडलं?"

तालीम हसून लोळली. वस्ताद हसले नाहीत. ते म्हणाले, "आकाराम, गूळ कर जा," आणि पाठ फिरवली.

त्या दिवशी आकाराम थंड चुलवाणाच्या काठावर एकटा बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या तोंडाचा राग आला होता. बसल्याबसल्या सवयीने त्याने हात शेजारच्या डेऱ्यात घातले, आणि तसाच विचार करत राहिला. काही वेळाने त्याने हात काढून चंचीतला चुना बोटावर घ्यायला बघितलं, तर बोटांना चुना लागल्याचं कळेना. बधिर झाली होती. तो मोठ्याने स्वतःला एक अस्सल शिवी हासडून उठला. हात फार वेळ डेऱ्यात राहिले तर पाकाची गोळी बोटांना कळत नाही. म्हणून तर दर खेपेला तो हात काढून धोतराला खसाखसा पुसायचा. पंचवीस वर्षं रोज केलेली गोष्ट नेमकी त्या दिवशी त्याने विसरावी! आत गार, पण हातपाय जागे, असा माणूस पाहिजे. मध्यम गार पाणी, बेताचा वेळ, आणि वर आल्यावर दंड-मांड्या कोरड्या पंच्याने चोळून ऊब आणायची, सावलीत तीस बैठका मारायच्या. पोटातला गारवा तेवढ्याने जात नाही.

तो तडक जयपालकडे गेला. "चूक माझी हाय. तुझी न्हाई. आनखी एकडाव माझ्यावर इस्वास टाकशील का न्हाई?"

जयपाल म्हणाला, "तात्या, त्या लाल आगीत मी वितळताना फकस्त तुमीच माझ्या अंगाला हात लावून बघितला. टाकला इस्वास."

आता विहीर नको होती, पण विहिरीवाचून एवढं पाणी धरायचं कशात, हा प्रश्न होता. शिवाय त्याच संध्याकाळी जयपालची आई कस्तुरीबाई गुऱ्हाळात येऊन उभी राहिली. ती बोलायला मऊ, पण नेमापुढे कुणाची गय न करणारी बाई. "तुमी पोराला हिरीत बुडीवलासा, मला न ईचारता," ती म्हणाली. "माझ्या घरात गाळल्याबिगर पानी अंगाला लागत न्हाई. त्या पान्यात किती जीव आसत्याल. गारच करायचं तर गाळलेल्या पान्यानं करा. सांगा, किती घागरी लागत्याल?"

आकारामने मान वळवून भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिकाम्या काहिलीकडे बघितलं. आणि हसायला लागला. जिच्याखाली पंचवीस वर्षं जाळ घातला, तीच!

"वैनी, चाळीस तरी लागत्याल."

"लागूं देत. उकळून घालू का? प्यायचं पानी आमी उकळूनच पितो."

"नगं, नगं! उकळलेलं पानी गार व्हईपतुर आकिती निघून जाईल."

कस्तुरीबाई दुसऱ्या दिवसापासून दुहेरी कापड धरून विहिरीच्या काठावर बसली. घागर घागर पाणी गाळायचं, कापडात राहिलेले जीव थोड्या पाण्यासकट हळूच परत विहिरीत सोडायचे, आणि गाळलेलं पाणी ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या रांजणांत भरून ठेवायचं. दुपारी ते आंब्याखालच्या काहिलीत ओतलं की जयपाल मांडी घालून आत बसायचा, छातीपर्यंत. आकारामने शेजारी जमिनीत एक काठी रोवली होती. काठीच्या सावलीवर खूण करायची, आणि सावली चार बोटं सरकली की पैलवानाला उठवायचं. तोवर उठायचं नाही, आणि त्यानंतर क्षणभर बसायचं नाही.

मग भर उन्हात तीन गडी एकामागून एक अंगावर सोडायचे. पहिल्या दिवशी जयपाल दोघांना पुरला. चौथ्या दिवशी तिघांनाही, आणि तिसऱ्याला पाडून विचारायला लागला, "आनखी कोन हाय?" वस्ताद काठावर बसून बघत होते. बोलले एवढंच, "उद्या परत बघू." पण उद्या ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

अक्षय्य तृतीया उजाडली. जैनांच्यात हा दिवस मोठा. आदिनाथांनी याच दिवशी उसाच्या रसाने उपास सोडला म्हणतात. म्हणून मगदूम दरवर्षी उसाचा एक वाफा या दिवसासाठी राखून ठेवत. मगदुमांच्या गावाची रीत अशी की पैलवानाला फेटा बांधून, खांद्यावर शाल टाकून, हलगीच्या तालावर अकरा वाजल्यापासून मिरवत मैदानात न्यायचं. मानाची कुस्ती लागते चारला. म्हणजे पाच तास गडी उन्हात, शालीसकट! आकारामने वर्षभर आधी हेच बघितलं होतं. जयपाल आखाड्यात उतरायच्या आधीच निम्मा शिजलेला होता.

"ह्यो मिरवनुकीत येनार न्हाई," आकारामने वेशीत सांगितलं.

गाव उसळलं. "आमच्या पैलवानानं चोरावानी जायाचं व्हय? मग हलगी कुनाम्होरं वाजवायची?"

"माझ्याम्होरं वाजवा," आकाराम म्हणाला. "फेटा बी मलाच बांधा. मी तापून घट्ट झाल्याला गडी हाय."

आणि खरंच, लोक हो-नाही म्हणताहेत तोवर त्याने फेटा डोक्याला गुंडाळला, शाल घेतली आणि हलगीपुढे चालायला लागला. हसू आवरेना म्हणून गाव मागोमाग निघालं. जयपाल मात्र सकाळच्या गारव्यातच छपराच्या बैलगाडीतून पुढे गेला होता. मागच्या गाडीत रांजण, काहील आणि कापड मांडीवर घेतलेली कस्तुरीबाई.

नदीकाठच्या चिंचेखाली काहील मांडली, पाणी ओतलं, पैलवान आत बसला. बघता बघता अर्धी जत्रा तिथे जमली. "मगदुमांनी पैलवान शिजवायला घेतलाय रं," कुणी म्हणालं. "लोन्याचं तूप कडवत्यात." आदल्या वर्षी असं ऐकल्यावर जयपालची मान खाली गेली असती. आज तो डोळे मिटून बसला होता, आणि गालात हसत होता. वाटेत घामाघूम झालेला आकाराम काठीच्या सावलीवर नजर ठेवून उभा होता. त्याने जत्रेकडे ढुंकून बघितलं नाही, म्हणजे बोलायला शब्द नव्हते असं नाही. सावली चुकेल म्हणून.

सावली चार बोटं सरकली. जयपालला उठवलं, पुसला, चोळला, सावलीत बैठका मारायला लावल्या. आईने मीठ-लिंबू घातलेला उसाचा गार रस पेलाभर दिला. वस्तादांनी त्याच्या मानेला हात लावला आणि आकारामकडे बघितलं. मान गार होती.

चारला हात मिळाले. गुंडा नेहमीसारखा अंगाला लागून, मानेवर भार टाकून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. जयपालनेही घाई केली नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. नुसती रेटारेटी, लोक ओरडायला लागले. मग पंचाने घड्याळ बघून सांगितलं, "अर्धा तास!" सगळ्यांची नजर जयपालच्या गुडघ्यांवर. पंचवीस वर्षांची काहील त्या दोन गुडघ्यांवर उभी होती.

गुडघे हलले नाहीत. गुंडाने मान दाबून बघितली, पुन्हा दाबून बघितली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा प्रश्न उमटला. आता घाम त्याचा जास्त होता.

पाऊण तास होत आला तेव्हा दोघे झोंबत आखाड्याच्या कडेला गेले आणि पंचाने त्यांना सोडवून मध्ये यायला सांगितलं. जयपालचा श्वास आता जड झाला होता, कान लाल दिसत होते. आकाराम पाण्याची घागर घेऊन कडेला वाकला. "हात बुडीव!"

जयपालने हात पुढे केला आणि थांबला. त्याने वस्तादांकडे बघितलं. घामाच्या अंगाला पाणी! आजवर त्या तालमीतल्या एकाही गड्याने हा कायदा मोडला नव्हता, आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता. हरला असता तरी.

लालासाहेब वस्ताद उठले. चार पावलं चालत आले. त्यांनी आकारामच्या हातातली घागर काढून घेतली, आणि स्वतःच्या हातांनी जयपालपुढे धरली.

"मनगटाच्या वरपतुर बुडीव," ते म्हणाले. "अंगावर न्हाई पडत थेंब. मी बघतो."

गुंडाच्या बाजूचे ओरडले. पंच म्हणाला, "हात धुतोय गडी, त्यात काय झालं? माती लाव रं वर." जयपालने दोन्ही हात बुडवून दहा अंक मोजले, तळव्यांवर माती चोळली आणि मध्ये गेला. त्याचे डोळे स्वच्छ झालेले आकारामने लांबून बघितले, आणि तिथेच मातीत बसकण मारली. आता बघायची गरज नव्हती.

गुंडा दमला होता. इतका वेळ त्याच्यापुढे कुणी टिकलंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं हे त्याने कधी शिकूनच घेतलं नव्हतं. जयपालने त्याच्या बगलेतून हात घातला, ढाकेचा डाव मारला, आणि मिरजेकडचा तो ताडमाड गडी पाठीवर आला. आभाळ बघत तो तसाच पडून राहिला. मग उठून त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर जयपालच्या मानेला हात लावून बघितला. "आयला," तो म्हणाला, "आजून गार हाय!" आणि मोकळेपणाने हसला.

त्या संध्याकाळी गुलाल उधळत गाव परतलं. वेशीपासून घरापर्यंत अण्णाप्पांनी आकारामचा हात सोडला नाही. 'लोणी' हे नाव त्या दिवशी मेलं, आणि मामाच्या गादीवर मामाच बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम वळकटी बांधून निरोप घ्यायला निघाला. आंब्याखाली बघतो तर कस्तुरीबाई पाणी गाळतेय, आणि जयपाल घागरीमागून घागर काहिलीत ओततोय.

"आज कुनाची कुस्ती हाय?" त्याने विचारलं.

"तुमची," कस्तुरीबाई म्हणाली. "पंचवीस वर्सं तुमी आमच्यापायी जाळापुढं हुबं ऱ्हायलासा. आमी गूळ कसा झाला ते ईचारलं. तुमी किती तापलासा, ते कवाच ईचारलं न्हाई. बसा आत."

आकारामने तोंड उघडलं. काहीतरी खरमरीत बोलायचं म्हणून उघडलं, तोवर जयपालने त्याच्या हातातली वळकटी काढून घेतली, मुंडासं उतरवून ठेवलं, आणि हाताला धरून त्याला काहिलीत उतरवलं. पाणी छातीपर्यंत आलं. डागांनी भरलेले ते दोन्ही हात त्याने पाण्याखाली सोडले आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर ओघळलं ते काहिलीतलं पाणी नव्हतं. ते बघूनही कुणी बघितलं नाही.

थोड्या वेळाने त्याने म्हटलं, "बास वैनी. आता उठतो. शालू वाट बघत आसंल."

"बसा गप," कस्तुरीबाई म्हणाली, आणि तिने शेजारी काठी रोवून सावलीवर खूण केली. "चार बोटं सरकल्याबिगर उठायचं न्हाई."